विद्यापीठाचा शेजार

आपल्या ज्ञातिमंडळाने शहरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधण्याचे योजिले आहे, ही वार्ता आता सर्व ज्ञातिबांधवांस ठाऊक झालेलीच आहे. विद्यापीठाच्या शेजारी असलेल्या एका जुन्या पुऱ्यात त्यासाठी जागाही पाहून ठेविली आहे. परंतु बोलणी पुरी होण्यापूर्वीच त्या गल्लीतील सात-आठ बिऱ्हाडांनी मंडळाकडे एक अर्ज धाडला. चार मजली इमारत उठली तर आमच्या पाण्याचे, उजेडाचे व वाटेचे काय होणार, असा त्या अर्जाचा मथितार्थ होता. मंडळाच्या सभेत तो वाचून दाखविण्यात आला तेव्हा काहींस राग आला. “विद्येच्या कार्यात आडवे येणारी ही माणसे कोण?” असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी विचारला. त्या वेळी मी काही बोललो नाही. सभेत चटकन उत्तर देण्याचे चातुर्य माझ्यापाशी नाही. पुढे संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी शहराच्या इतिहासावर काही लिहून देण्याविषयी आग्रह केला, तेव्हा त्या प्रश्नाचेच उत्तर लिहावे असे मनात आले. ही माणसे कोण, हे इतिहासात पाहिल्यावाचून नीट कळावयाचे नाही.

प्रस्तुत लेखक विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक 1974 साली उत्तीर्ण होऊन पुढे प्राथमिक शाळेत अध्यापन करण्यात माझे आयुष्य गेले. माझा जन्म 1958 सालचा. मराठवाडा विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. बालपण बेगमपुऱ्यात गेले. विद्यापीठ व मी एकाच वयाचे, एकाच शेजारात वाढलो. मात्र त्याच्या वर्गात बसण्याचा योग मला आला नाही. शेजारी म्हणून जे पाहिले व वडीलधाऱ्यांकडून आणि वाचनातून जे कळले, तेवढेच येथे सादर करीत आहे.

पुऱ्यांची पूर्वपीठिका

आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे मलिक अंबराने 1610 साली वसविलेल्या खडकीचे वाढलेले रूप होय. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असता शहरास त्याचे नाव पडले. दख्खनच्या मोहिमांवर आलेल्या राजपूत सरदारांनी ज्या ज्या ठिकाणी आपले तळ दिले, त्या त्या ठिकाणी वस्त्या झाल्या व त्यांस त्यांची नावे मिळाली. मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाचा जयसिंगपुरा, पहाडसिंग बुंदेल्यांच्या नावाचा पहाडसिंगपुरा, बिकानेरच्या करणसिंगांचा कर्णपुरा, त्यांचे पुत्र पदमसिंग यांचा पदमपुरा, बुंदीच्या भावसिंगांचा भावसिंगपुरा. खाम नदीच्या पलीकडे, बीबीच्या मकबऱ्यालगत, बेगमपुरा वसला. पहाडसिंगपुऱ्यात डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी महाल आजही उभा आहे व त्याच्यामागे डोंगरात बौद्ध लेणी आहेत.

सांगण्याचा हेतू असा, की विद्यापीठ ज्या परिसरात आले तो रिकामा माळ नव्हता. तीनशे वर्षांची नांदती वस्ती त्याच्या कडेला होती. तिला पाणी मिळे ते नहरींचे. डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालून, भाजलेल्या मातीच्या व दगडी नळांतून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची ही योजना मलिक अंबराच्या काळी सुरू झाली व नंतरच्या काळात तीत भर पडत गेली. पाणचक्कीचे जाते याच तऱ्हेच्या पाण्यावर फिरे, आणि बेगमपुऱ्यातील थत्ते हौदाने कित्येक पिढ्यांची तहान भागविली. या नहरी जमिनीवरून दिसत नाहीत. वरून पाहणाऱ्यास ती नुसती पडीक जागा वाटते. खाली मात्र कोणाच्या तरी घागरीचे पाणी वाहत असते. विद्येच्या वा अन्य कोणत्याही कार्यासाठी नकाशावर कोरी जागा शोधणाऱ्यांनी ही गोष्ट सदैव ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शहरात ठिकठिकाणी पाये खणताना व विंधनविहिरी पाडताना नहरी फुटल्या, बुजल्या, आणि पुष्कळदा आपण काय फोडले हे फोडणाऱ्यास कळलेही नाही.

आणखी एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. हे पुरेही एके काळी परक्यांचीच वसाहत होते. जयसिंगांचे शिपाई काही येथील मूळचे रहिवासी नव्हते. ते आले, राहिले, येथील पाणी प्यायले आणि येथलेच झाले. तेव्हा नवीन येणाऱ्यास मज्जाव करण्याचा अधिकार कोणत्याच वस्तीस नाही. मात्र जुन्यास न विचारता त्यास बाजूस सारण्याचा अधिकारही नवीन येणाऱ्यास नाही. या दोन वाक्यांच्या मध्येच आपला सारा विषय आहे.

विद्या आणि शेजार यांचे जुने नाते

विद्यापीठे शेजारावर जगत आली आहेत, हा इतिहासाचा निर्वाळा आहे. चिनी प्रवासी ह्युएनत्संग सातव्या शतकात नालंदा येथे राहिला. त्याच्या चरित्रात लिहून ठेविले आहे, की नालंदेच्या खर्चासाठी राजाने सुमारे 100 गावांचे उत्पन्न लावून दिले होते आणि त्या गावांतील 200 कुटुंबे रोज तांदूळ, लोणी व दूध पोहोचवीत असत. हजारो भिक्षूंच्या शास्त्रचर्चा त्या तांदळाच्या जोरावर चालत. नालंदेच्या आचार्यांची नावे आपणांस पाठ असतात. त्या 200 कुटुंबांतील एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही.

दूर कशाला जावे? आपले पैठण दक्षिणकाशी म्हणून गाजले. तेथे, आणि महाराष्ट्रातील सर्वच विद्यास्थानी, गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून शिकत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वारांना सात घरे ठरलेली असत. ज्या घरी वार असे त्या घरची बाई त्या दिवशी मूठभर पीठ अधिक मळी. या पद्धतीत उणिवा होत्या. जातिभेद होता, आणि ज्यांना शिकण्याचाच अधिकार नाकारला होता त्यांच्यासाठी कोणाच्याही घरी वार नव्हता, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ती उणीव भरून काढण्यासाठीच राजर्षी शाहू महाराजांनी 1901 सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली. पुढे 1924 साली साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एकत्र जेवतील असे वसतिगृह उघडले. आपल्या मंडळाचा संकल्प याच परंपरेतील आहे व म्हणूनच तो स्तुत्य आहे. परंतु वाराच्या पद्धतीत एक गुण होता तो आपण हरवून बसलो. विद्यार्थी गावात आला हे गावाला ठाऊक असे, आणि आपण कोणाचे अन्न खातो हे विद्यार्थ्याला ठाऊक असे.

विद्यापीठ आले

निजामी अमदानीत उच्च शिक्षणासाठी मराठवाड्यातील मुलांस हैदराबादेचा रस्ता धरावा लागे. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली स्थापन झाले आणि त्याचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. हे विद्यापीठही आरंभी शहरातील घरांतच भरे. पुढे सर पॅट्रिक गेडिस या नगररचनाशास्त्रज्ञांचा सल्ला घेण्यात आला, शहराबाहेर अडिकमेटची विस्तीर्ण जागा निवडण्यात आली, आणि तेथील कला महाविद्यालयाची भव्य वास्तू 1939 साली पुरी झाली. शहराबाहेर मोकळी जागा घेतली म्हणजे शेजाराचा प्रश्नच उरत नाही, असे त्या काळच्या धुरीणांस वाटे. पुढे शहरेच वाढत वाढत विद्यापीठाच्या कुंपणाला येऊन भिडतील, हे तेव्हा कोणाच्या फारसे ध्यानी आले नसावे. पुण्यात 1949 साली गणेशखिंडीच्या 411 एकरांत विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते गावाबाहेर होते. आज ते गजबजलेल्या शहराच्या ऐन मध्यात आहे.

औरंगाबादेत 1923 साली इंटरमीजिएट कॉलेज निघाले होते. हैदराबाद संस्थान 1948 साली भारतात विलीन झाल्यावर खरी जाग आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली येथे महाविद्यालय काढले. त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी 1 सप्टेंबर 1951 रोजी बसविली. तेच मिलिंद महाविद्यालय व तोच नागसेनवनाचा परिसर. पाणचक्कीजवळच्या घाटीत 1956 साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. श्री. सुं. रा. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू. डोंगराच्या पायथ्याशी सुमारे 700 एकरांचा परिसर विद्यापीठास लाभला.

ज्या प्रदेशात शंभर मैलांवर कॉलेज दृष्टीस पडत नव्हते त्या प्रदेशात ही केवढी मोठी घटना होती, हे आजच्या तरुणांस सांगूनही पटावयाचे नाही. माझे वडील उर्दू माध्यमातून सातवीपर्यंत शिकलेले. सायंकाळी मला खांद्यावर घेऊन ते विद्यापीठाच्या बाजूस फिरावयास नेत आणि इमारतींकडे बोट दाखवून म्हणत, “हे आपलं हाये.” त्या ‘आपलं’ या शब्दात कागदोपत्री काहीच नव्हते. पण शेजाऱ्याचा अभिमान होता. विद्यापीठाविषयी पुऱ्यांतील लोकांची पहिली भावना विरोधाची नसून अभिमानाची होती, हे मी स्वतः पाहिले आहे.

शेजाराच्या चिंता

मग चिंता कोठून आली? ती हळूहळू आली. विद्यापीठ आपल्या कुंपणात वाढते, पण त्याचा भार कुंपणाबाहेर पडतो. त्याचे मुख्य तीन प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार वाटेचा. जुन्या शहरातून विद्यापीठाकडे जावयाचे तर खाम नदी ओलांडावी लागते, आणि त्या नदीवरच्या पुलांच्या तोंडाशी मकई दरवाजा, महमूद दरवाजा व बारापुल्ला दरवाजा उभे आहेत. हे दरवाजे हत्ती, घोडे, मेणे व बैलगाड्या यांच्या बेताने बांधलेले. त्यांतून पुढे सायकली गेल्या, मग रिक्षा, मग बस, मग हजारो मोटारसायकली. दरवाजा पाडावा तर इतिहास जातो. ठेवावा तर वाट अडते. आणि बाजूने नवी वाट काढावी तर कोणाचे तरी घर जाते. वडिलोपार्जित घराच्या भिंतीवर मोजणीची लाल खूण उमटली म्हणजे त्या घरातील म्हाताऱ्या माणसाची झोप कशी उडते, हे ज्याने पाहिले आहे तो त्या माणसास विकासाचा वैरी म्हणणार नाही.

दुसरा प्रकार पाण्याचा. नहरी आटल्या, नळाचे पाणी दिवसांच्या अंतराने येऊ लागले, आणि प्रत्येक नव्या इमारतीबरोबर नवी विंधनविहीर खोल गेली. ज्याची विहीर खोल त्याचे पाणी. उथळ आडाचा मालक कोरडा.

तिसरा प्रकार खोल्यांचा. तो सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण त्यात नफाही शेजाऱ्याचाच व तोटाही शेजाऱ्याचाच. याविषयी घरचाच अनुभव सांगतो. आमच्या दोन खणांच्या घरात ओसरीवर परभणीकडचा एक विद्यार्थी राहत असे. तो आला तेव्हा वडिलांनी महिना काही भाडे ठरविले होते. पुढे 1972 चा दुष्काळ पडला. त्याच्या घरून मनिऑर्डर येणे थांबले. दोन महिने वाट पाहून एके दिवशी त्याने वळकटी बांधली. आईने ती पाहिली आणि म्हणाली, “कुठं निघालास रे बाबा? परीक्षा होस्तोवर हितंच राहायचं. चार भाकरी थापते तिथं पाचवी थापीन.” आम्हीही त्या वर्षी मिलोच खात होतो. ती पाचवी भाकर कोठून येई हे आईसच ठाऊक. तो मुलगा बी.ए. झाला, नोकरीस लागला, आणि पुढे कित्येक वर्षे सुगीनंतर ज्वारीचे एक पोते आमच्या दारी आणून टाकीत असे. आई 1991 साली वारली तेव्हा तो तिच्या खांदेकऱ्यांत होता.

ती ओसरी आता नाही. आमच्या गल्लीत एकामागून एक घरे पडली व खोल्यांच्या माळा उभ्या राहिल्या. एका खोलीत चार-पाच खाटा, प्रत्येक खाटेचे निराळे भाडे. यास ‘कॉट बेसिस’ म्हणतात. पुष्कळ मालक दुसरीकडे राहतात व महिन्यातून एकदा भाडे न्यावयास येतात. आमच्या समोरच्या घरी एक वृद्ध विधवा बाई राहत होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन मजले चढले. त्यांच्या अंगणातील तुळशीवर ऊन पडेनासे झाले, तेव्हा त्यांनी वृंदावन उचलून गच्चीच्या जिन्यावर नेले. पुढे जिना चढवेनासा झाला. त्यांनी कोणाकडे तक्रार केली नाही. कोणाकडे करणार होत्या? विद्यार्थ्यांचा काय दोष? तीही गरिबाघरचीच लेकरे. त्या बाई आजारी पडल्या तेव्हा त्याच खोल्यांतील दोन मुलांनी त्यांस रिक्षाने घाटीत नेले, हेही मला सांगितले पाहिजे. दोष माणसांचा नव्हता. कोणी आधी विचारलेच नव्हते, हा दोष होता.

एक कठीण आठवण

शेजार म्हणजे केवळ भिंती व पाणी नव्हे. विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे असा ठराव राज्य विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात जे घडले ते आपल्या इतिहासातील लाजिरवाणे पान आहे. खेडोपाडी दलित बांधवांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, कित्येकांना गाव सोडावे लागले. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो व नुकताच नोकरीस लागलो होतो. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ जण त्या दिवसांत गप्प बसले. त्या गप्प बसणाऱ्यांत मीही होतो. नागसेनवनाच्या इतक्या जवळ वाढलेला माणूस शेजाऱ्याच्या दुःखाच्या वेळी खिडकी लावून घेतो, ही गोष्ट आजही मला टोचते. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होऊन विद्यापीठ ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी हजारो लोक येऊन माथा टेकवितात. त्यांतील पुष्कळांनी कॉलेजचे तोंडही पाहिलेले नसते. विद्यापीठ हे केवळ तेथे शिकणाऱ्यांचे नसते, याहून मोठा पुरावा कोणता?

अन्यत्र काय झाले

शेजाऱ्यांचे म्हणणे वेळीच ऐकले नाही म्हणजे काय होते, याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथे 10 फेब्रुवारी 1355 रोजी एका मद्यगृहात दोघा विद्यार्थ्यांचा मालकाशी तंटा झाला. विद्यापीठ व नगर यांच्यात आधीपासूनच धुमसत असलेला रोष त्या निमित्ताने पेटला आणि दोन-तीन दिवसांत उभय पक्षांची कित्येक माणसे ठार झाली. राजाने विद्यापीठाचा पक्ष घेतला. नगराधिकाऱ्यांनी दरवर्षी त्या दिवशी चर्चमध्ये जाऊन 63 पेन्स भरावे असा दंड ठरला व तो 1825 पर्यंत चालला. एका भांडणाची आठवण पावणेपाचशे वर्षे जागी ठेविली गेली.

अमेरिकेत न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठाने शेजारच्या सार्वजनिक उद्यानात व्यायामशाळा बांधावयास घेतली. उद्यानाच्या पलीकडे हार्लेमची कृष्णवर्णीयांची वस्ती. 1968 साली रहिवासी व खुद्द विद्यापीठाचे विद्यार्थी यांनी मिळून एवढा विरोध केला, की ते बांधकाम सोडून द्यावे लागले. पुढे त्याच विद्यापीठाने जवळच्या मॅनहॅटनव्हिल भागात सुमारे 17 एकरांवर विस्तार योजिला. त्या वेळीही वाद न्यायालयापर्यंत गेला व 2010 साली निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. परंतु तत्पूर्वी, 2009 साली, शेजारवस्तीसाठी 15 कोटी डॉलरची तरतूद करण्याचा लेखी करार विद्यापीठास करावा लागला होता. पहिल्या खेपेस विचारले नाही म्हणून काम बंद पडले. दुसऱ्या खेपेस वाद झाला तरी काही देणे-घेणे कागदावर आले. चाळीस वर्षांत एवढे शहाणपण आले म्हणावयाचे.

आपल्या राज्यातही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासाठी ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या वारसांचा नोकरीसाठीचा झगडा अनेक दशके चालू राहिला. शेतीचे ज्ञान वाढावे म्हणून ज्याने शेत दिले, त्याच्याच नातवाने विद्यापीठाच्या दारात उपोषणास बसावे, हे दृश्य कोणासही शोभणारे नाही.

काय करता येईल

कायद्याने रहिवाशांस अगदीच निराधार ठेविलेले नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा आहे. त्यानुसार शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली म्हणजे ठराविक मुदतीत कोणाही नागरिकास हरकती व सूचना लेखी देता येतात. भूमिसंपादनाचा 1894 चा जुना कायदा जाऊन त्या जागी 2013 चा नवा कायदा आला. त्यात जमीन घेण्यापूर्वी तिचा तेथील लोकांच्या जीवनावर काय परिणाम होईल याची पाहणी व जनसुनावणी यांची तरतूद केलेली आहे. काही प्रकल्पांस त्यातून सूट मिळते, ही गोष्ट निराळी. परंतु ‘हरकती व सूचना’ ही जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात येते, आणि ज्याचे घर जावयाचे असते त्याच्या वाचनात ती सहसा येत नाही. आपल्या ज्ञातीतील शिकलेल्या तरुणांनी एवढे एक काम पत्करावे. आपल्या गल्लीचा नकाशा वर्षातून एकदा महानगरपालिकेत जाऊन पाहावा आणि वडीलधाऱ्यांस समजावून सांगावा.

विस्ताराचे दुसरेही मार्ग आहेत. मराठवाडा विद्यापीठाचेच उदाहरण घ्या. आरंभी सबंध मराठवाड्याचा भार एकट्या औरंगाबादेवर होता. 1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले व त्या बाजूच्या जिल्ह्यांतील मुलांची सोय जवळ झाली. धाराशिवलाही विद्यापीठाचे उपपरिसर केंद्र झाले. विद्या मुलांच्या गावाजवळ गेली म्हणजे मुलांना दूरच्या गल्लीत खाट भाड्याने घ्यावी लागत नाही. सर्व विस्तार एकाच कुंपणाभोवती झाला पाहिजे असे थोडेच आहे?

आता आपल्या वसतिगृहाविषयी. ते व्हावे, आणि लवकर व्हावे, असेच माझे मत आहे. बीड-जालन्याच्या खेड्यांतून येणारी आपली मुले खाटेच्या भाड्यापायी शिक्षण सोडतात हे आपण सर्व जाणतो. परंतु त्या सात-आठ बिऱ्हाडांच्या अर्जास फाईलीत न ठेवता मंडळाच्या चार जबाबदार माणसांनी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे, अशी माझी नम्र सूचना आहे. इमारत चारऐवजी तीन मजली केली तर किती मुलांची सोय कमी होते, याचा हिशोब त्यांच्यासमोर मांडावा. गच्चीवरील पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची व्यवस्था आराखड्यातच असावी. मोटारसायकली आवाराच्या आत लागाव्यात. रेक्टर तेथेच राहणारा असावा. आणि वसतिगृहाची अभ्यासिका गल्लीतील मुलांसही खुली असावी. ती मुले कोणत्याही जातीची वा धर्माची असोत. यास खर्च लागेल हे मी जाणतो. सभासदांनी त्यासाठी वर्गणी वाढवावी लागली तर वाढवावी. माझ्यापुरते सांगतो, माझ्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम मी या कामी मंडळाच्या कार्यालयात जमा केली आहे.

सभेत विचारलेल्या प्रश्नाकडे आता परत येतो. “विद्येच्या कार्यात आडवे येणारी ही माणसे कोण?” ती नालंदेस तांदूळ पोहोचविणाऱ्यांच्या, पैठणास वार घालणाऱ्यांच्या जागी उभी असलेली माणसे आहेत. दुष्काळात पाचवी भाकर थापणाऱ्या बाईची ती मुलेबाळे आहेत. ती आडवी आलेली नाहीत. दारात उभी राहून कोण आले आहे एवढेच विचारीत आहेत. आलेल्याने नाव-गाव सांगावे, बसावे, पाणी मागावे, ही आपली रीत आहे. ती पाळली तर वसतिगृहाची कोनशिला बसेल त्या दिवशी पहिला नारळ त्या गल्लीतील एखाद्या वृद्ध माणसाच्या हस्ते फोडता येईल. तसे झाले तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

असो. लेखात काही उणे-अधिक झाले असल्यास वाचकांनी जुन्या मास्तरास क्षमा करावी.